सरफोजीराजांचा पाहुणा

तंजावरच्या सरफोजीराजांवर काहीही वाचायला घ्या, एक इंग्रज नाव हटकून भेटतं: रेजिनाल्ड हेबर, कलकत्त्याचा बिशप. राजांचा रुबाब, त्यांचं इंग्रजी, त्यांचा व्यासंग यांची साक्ष काढायची वेळ आली की लेखक हेबरच्या पत्रातली दोन-चार वाक्यं देतात आणि आपल्या वाटेने जातात. हा साक्षीदार कोण, तो तंजावरला कशाला आला होता, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. मला त्या साक्षीदाराचीच ओढ लागली. त्याची रोजनिशी आणि पत्रं वाचण्यात एक अख्खा पावसाळा गेला आणि तेव्हापासून हा माणूस मनातून जात नाही. मी ख्रिस्ती नाही. त्याची श्रद्धा माझी नाही आणि त्याचं राज्य तर नाहीच नाही. तरीही त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्याचे डोळे त्याच्या मतांपेक्षा जास्त प्रामाणिक होते.

हेबर २१ एप्रिल १७८३ रोजी इंग्लंडातल्या चेशर परगण्यात मालपस गावी जन्मला. घर खातंपितं, वडील तिथलेच धर्मगुरू. ऑक्सफर्डमध्ये असताना १८०३ साली 'पॅलेस्टाइन' या दीर्घ कवितेला त्याला विद्यापीठाचं बक्षीस मिळालं. वॉल्टर स्कॉट एकदा त्याच्या खोलीवर न्याहारीला आला असताना ती कविता वाचली गेली. यरुशलेमचं मंदिर बांधताना हत्याराचा आवाज होऊ दिला नव्हता, ही गोष्ट तू घेतलीच नाहीस, असं स्कॉट म्हणाला. हेबर जरा बाजूला गेला आणि तिथल्या तिथे ओळी रचून घेऊन आला. आज त्या कवितेतलं लोकांना काही आठवत असेल तर त्याच ओळी. पुढे नेपोलियनच्या लढायांमुळे फ्रान्सची वाट बंद होती म्हणून त्याने एका मित्राबरोबर स्कँडिनेव्हिया, रशिया, क्रिमिया असा लांबचा फेरा मारला. परत येऊन श्रॉपशरमधल्या हॉडनेट गावचा पाळक झाला, अमेलिया शिपलीशी लग्न केलं आणि सोळाएक वर्षं त्या गावात रमला.

झटपट लिहिण्याच्या हातोटीनेच पुढे त्याच्या नावाला एक डागही लागला. १८१९ साली तो रेक्समला सासऱ्यांकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये परदेशातल्या धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा व्हायची होती. सकाळी गायला काहीतरी लिहून दे, असं सासरे म्हणाले आणि थोड्याच वेळात गीत तयार झालं. ग्रीनलंडच्या बर्फाळ डोंगरांपासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यांपर्यंत सगळं जग सुवार्तेची वाट पाहतं आहे, असा त्याचा सूर. सिलोनवर एक कडवं आहे. तिथल्या वाऱ्याला मसाल्यांचा सुगंध आहे, जिकडे पाहावं तिकडे मन प्रसन्न होतं, नीच आहे तो फक्त माणूस. सिलोन त्याने तोवर पाहिलेलंही नव्हतं.

ते गीत शंभर वर्षं जगभर गायलं गेलं. १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोर बोलताना गांधीजींनी नेमकी हीच ओळ काढली. ती मला कायम बोचत आली आहे, हेबरने ती लिहिली नसती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. गांधीजींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माणसाला न भेटता त्याला नीच ठरवणं हा अपराधच आहे, मग ते ठरवणारा कितीही सज्जन असो. पण त्या ओळीवर हेबरचा हिशेब मिटत नाही. ती लिहिल्यानंतर चारच वर्षांत तो स्वतः त्या माणसांमध्ये येऊन राहिला.

कंपनी सरकारच्या १८१३ च्या सनदेनुसार हिंदुस्थानसाठी एक बिशप आणि त्याच्या हाताखाली कलकत्ता, मद्रास, मुंबई असे तीन आर्चडीकन नेमले गेले. पहिला बिशप मिडलटन १८२२ च्या पावसाळ्यात कलकत्त्यात वारला. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोल या विलायतेतल्या सरकारी मंडळाचा अध्यक्ष चार्ल्स विल्यम्स-विन हा हेबरचा जुना मित्र. त्याने ही जागा हेबरला देऊ केली. हेबरने दोनदा नकार दिला. एक मुलगी तान्हेपणीच गेलेली, दुसरी लहान, हिंदुस्थानची हवा गोऱ्यांना मानवत नाही हे सर्वांना ठाऊक. मग त्याला स्वतःचाच नकार सहन होईना आणि त्याने होकार कळवला. १८२३ च्या जूनमध्ये त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली, त्याच महिन्यात जहाज सुटलं आणि ऑक्टोबरात तो कलकत्त्याला उतरला. त्याचा धर्मप्रांत केवढा, तर कंपनीचा सगळा हिंदुस्थान, सिलोन आणि १८२४ पासून ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्ससुद्धा! एका माणसाच्या आयुष्यात हा प्रदेश नुसता पाहूनही व्हायचा नाही. कलकत्त्याचे पहिले चार बिशप, मिडलटन, हेबर, जेम्स आणि टर्नर, १८३१ पर्यंत एकामागून एक गेले, त्यात नवल काही नाही.

मिडलटनने एका गोष्टीवर हात टेकले होते. इथल्या माणसाला पाळकाची दीक्षा देण्याचा आपल्याला कायद्याने अधिकारच नाही, असं त्याचं मत होतं. १८२३ साली विलायतेत कायदा झाला, अडचण दूर झाली आणि हेबरने वेळ घालवला नाही. १८२४ साली त्याने ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ माणसाला दीक्षा दिली आणि पुढच्या वर्षी अब्दुल मसीह यांना. अब्दुल मसीह म्हणजे पूर्वीचे शेख सालेह, इंग्रज पाद्री हेन्री मार्टिनच्या सहवासात ख्रिस्ती झालेले. माणूस मात्र नीच आहे, असं लिहिणाऱ्या हातानेच या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

१५ जून १८२४ रोजी हेबर कलकत्त्याहून नावेने निघाला. बायको आणि मुली घरी, बरोबर मार्टिन स्टो हा मित्र आणि चॅप्लेन, म्हणजे खासगी पाद्री. महिनाभरातच ढाक्याला स्टो वारला. हेबर पुढे निघाला. गंगेने काशी, प्रयाग; मग तंबू, घोडे, हत्ती, उंट असा लवाजमा घेऊन लखनौ, अलमोडा, दिल्ली, आग्रा, जयपूर, अजमेर, बडोदा. दिल्लीत बादशहा अकबरशहा दुसरा याला तो भेटला आणि मोगलांच्या वैभवाची उतरती कळा पाहून गलबलला. बडोद्यात दुसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात मानाने वावरला. या सगळ्या वाटेवर तो रोज रात्री अमेलियासाठी रोजनिशी लिहीत होता. ती बायकोसाठी लिहिलेली असल्यामुळेच इतकी मोकळी आहे. तीत धर्मोपदेश फार थोडा. झाडं, नद्या, लोकांच्या अंगावरचे कपडे, उंटवाल्यांची भांडणं, आजारी पडलेले शिपाई, हेच जास्त. आपल्या जातभाईंबद्दलही तो स्पष्ट लिहितो: आपण इंग्रज इथल्या लोकांना आपल्यात मिसळू देत नाही, त्यांच्याशी दमदाटीने आणि उर्मटपणे बोलतो, फ्रेंच लोक याबाबतीत आपल्यापेक्षा बरे.

गुजरातेत नडियादला २६ मार्च १८२५ रोजी जे घडलं ते तर मुळातूनच वाचण्यासारखं आहे. सहजानंद स्वामी, म्हणजे स्वामिनारायण, त्याला भेटायला आले. बरोबर तलवारी आणि बंदुका घेतलेले दोनशेच्या आसपास घोडेस्वार. इकडे हेबरच्या दिमतीलाही कंपनीचे स्वार आणि बंदूकवाले. दोन धर्मगुरू देवाबद्दल बोलायला भेटतात आणि दोघांच्या मागे छोटी फौज उभी, रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना न्याहाळणारी! हेबरला याची लाज वाटली आणि ती त्याने लिहून ठेवली. पुढे त्याने जे लिहिलं ते त्याहून मोठं आहे. त्या गुरूबरोबर आलेले लोक त्याचे शिष्य होते, त्याच्यासाठी त्यांनी रक्ताचा शेवटचा थेंब सांडला असता. माझ्याबरोबरच्या शिपायांना मी कोण याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. एखाद्या ख्रिस्ती गुरूला या देशात असं प्रेम मिळायला किती काळ जावा लागेल, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्या दिवशी चर्चेत दोघांचं जमलं नाही, मतं जुळणं शक्यच नव्हतं. पण समोरच्या गुरूच्या पाठीशी असलेलं प्रेम ज्याला दिसलं आणि आपल्या पाठीशी असलेली नुसती बंदूकही दिसली, त्याला मी आंधळा म्हणणार नाही.

एप्रिलमध्ये तो मुंबईला पोचला. अमेलिया समुद्रमार्गे तिथे आली आणि दहा महिन्यांनी दोघांची गाठ पडली. घारापुरी, कान्हेरी, कार्ल्याची लेणी त्याने मन लावून पाहिली. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. बाकी प्रत्येक बड्या साहेबाबद्दल बरं बोलणारे आणि वाईट बोलणारे दोन्ही भेटतात, एल्फिन्स्टनबद्दल सगळे चांगलंच बोलतात, असं हेबर लिहितो. एल्फिन्स्टनला धर्माची चाड नाही अशी कुजबूज होती. खुद्द बिशपने ती खोडून काढली, याचं मला विशेष वाटतं.

मग पुणे. पेशवाई बुडून सातच वर्षं झाली होती. त्याला दिसलेलं पुणं वाचताना जीव कासावीस होतो. घरांवर दारिद्र्याची कळा, गल्ल्या अरुंद, वेड्यावाकड्या. कमिशनर चॅप्लिनचा अंदाज असा की अजूनही वस्ती लाखभर असावी. शनिवारवाड्याच्या बाहेरच्या अंगाला त्याने नावं ठेवली, पण आतल्या कोरीव लाकडी खांबांच्या चौकाला दाद दिली. पुढे तो वाडा जळाला. म्हणजे आपल्याला कधीच पाहायला न मिळालेला तो चौक हेबर पाहून गेला. लष्कर भागातल्या सेंट मेरी चर्चचं प्रतिष्ठापन त्याच्याच हातचं, १८२५ चं. मी त्या रस्त्याने अनेकदा गेले आहे. या भागात त्याला थॉमस रॉबिन्सन भेटला. शिरूर आणि पुण्याच्या छावण्यांत राहून बायबलच्या जुन्या कराराचं फारसी भाषांतर करणारा हा पलटणीचा पाद्री. हेबरने त्याला आपला चॅप्लेन करून घेतलं आणि हेबरच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तांत त्यानेच लिहून ठेवला.

परतताना हेबर सिलोनला गेला, ज्या बेटावर त्याने न पाहता कडवं लिहिलं होतं तिथेच. महिनाभर राहिला, लोकांत हिंडला. गीत मात्र त्याने बदललं नाही. मला त्याची ही गोष्ट खटकते आणि खटकतच राहील.

१८२६ च्या फेब्रुवारीअखेर तो मद्रासला उतरला आणि मार्चमध्ये दक्षिणेकडे निघाला. २५ मार्चला तंजावर. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा रविवार. त्याने इंग्रजीत प्रवचन केलं आणि संध्याकाळी तमिळ उपासनेत आशीर्वचन तमिळमध्ये म्हटलं. दोन दिवसांनी तो राजवाड्यात सरफोजीराजांच्या भेटीला गेला.

सरफोजीराजे लहानपणी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. गुरूचा धर्म त्यांनी घेतला नाही, विद्या मात्र घेतली आणि ती आयुष्यभर वाढवली. श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. त्यात मरणशय्येवरच्या गुरूजवळ राजे स्वतः उभे आहेत. समाधीसाठी त्यांनी इंग्रजीत कविताही रचली. १७९९ च्या तहात कंपनीने राज्य काढून घेतलं, हाती उरला किल्ला आणि तनखा. राजांनी उरलेलं आयुष्य सरस्वती महालातल्या पोथ्यांवर, औषधांवर, शास्त्रांवर लावलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली त्यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आहे. आजूबाजूला सगळे तमिळ बोलणारे आणि दगडावर ओळीमागून ओळी आपली मराठी. वाचता वाचता मान दुखून आली तरी पाय निघत नव्हता.

१ एप्रिलला त्रिचनापल्लीहून लिहिलेल्या पत्रात हेबर या राजाचं चित्र काढतो. लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ या युरोपी शास्त्रज्ञांचे दाखले तो सहज देतो. शेक्सपिअरची त्याला बायरनपेक्षा बरी पारख आहे. घोडा ओळखण्यात तो वाकबगार, वाघावर नेम धरला तर चुकायचा नाही. भक्कम बांध्याचा, देखणा, ससाण्यासारखे डोळे आणि नाक, झुपकेदार करड्या मिशा, भारी पोशाख पण नखरा नाही. बोलण्या-वागण्यात एखाद्या उमद्या फ्रेंच सेनानीसारखा. रॉबिन्सनच्या म्हणण्याप्रमाणे भेटीहून निघताना हेबर म्हणाला, मी पुष्कळ मुकुटधारी पाहिले, पण याच्याइतका राजासारखा वागणारा दुसरा पाहिला नाही.

त्याच पत्रात राजपुत्राची हकिगत आहे. शिवाजी, सतरा वर्षांचा, फिकुटलेला, प्रकृतीने नाजूक. तंजावरात मुलाला शिकवायला धड माणूस मिळत नाही, अशी खंत राजांनी बोलून दाखवली. हेबरला ते लागलं. त्याने लगेच सांगितलं, याला माझ्याबरोबर पाठवा, कलकत्त्याला माझ्या घरी राहील, चांगले शिक्षक मी लावीन, अभ्यासावर मी स्वतः लक्ष ठेवीन. राजांनी ती कल्पना उचलून धरली. मुलाच्याही मनात होतं, पण बोलायला धजेना. दुसऱ्या दिवशी कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, याच्याकरवी राणीसाहेबांचा निरोप आला: माझे दोन मुलगे आधीच गेले, हा एकच राहिला आहे, तोही अशक्त. हा परत जिवंत येणार नाही अशी माझी खात्री आहे. याला दूर केलं तर मी जगणार नाही.

हेबर यावर लिहितो की आता बिचाऱ्या शिवाजीने विडा चघळत जनानखान्यात बसायचं आणि बाकीच्या हिंदू राजांसारखे दिवस काढायचे. एवढ्या समजूतदार माणसाच्या लेखणीतून हे वाक्य यायला नको होतं. राणीसाहेबांच्या जागी कोणतीही आई असती तर तिने हेच केलं असतं. स्वतःची मुलगी गमावलेल्या हेबरला तरी ते कळायला हवं होतं. पुढे शिवाजी १८३२ साली गादीवर आला. १८५५ साली तो मुलगा मागे न ठेवता वारला आणि कंपनीने तंजावर खालसा केलं. कलकत्त्यात शिकून आला असता तरी कंपनीने गादी ठेवली असती असं मला वाटत नाही.

तंजावरात दुसरा एक पेच त्याच्यापुढे आला होता. तिथले नवे मिशनरी म्हणत होते की ख्रिस्ती झालेल्यांनी जातीचे भेद सोडलेच पाहिजेत, चर्चमध्ये वेगवेगळं बसणं बंद. जुने, उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती बिशपकडे गाऱ्हाणं घेऊन आले. हेबरला वाटत होतं की हे विलायतेतल्या मानपानासारखंच काहीतरी आहे, दमाने घ्यावं. त्याने चौकशी सुरू केली, निकाल द्यायला तो उरला नाही. १८३३ साली कलकत्त्याचा पुढचा बिशप विल्सन याने ठाम हुकूम काढला की जात चर्चमध्ये चालणार नाही. जोतीरावांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या मला इथे विल्सन बरोबर वाटतो. हेबरचा मऊपणा इथे चुकीच्या माणसांच्या उपयोगी पडला असता.

सोमवार, ३ एप्रिल १८२६. त्रिचनापल्ली. पहाटेच तो किल्ल्यातल्या मिशनच्या चर्चमध्ये गेला, तमिळ ख्रिस्ती लोकांचा दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करण्याचा, विधी केला आणि पायऱ्यांवर उभा राहून जमलेल्यांशी बोलला. तिथल्या मिशनची हलाखी पाहून अस्वस्थ झालेला होता. मुक्काम बर्ड नावाच्या न्यायाधीशाकडे होता. तिथे परत आल्यावर आजारी रॉबिन्सनच्या बिछान्याजवळ बसून त्याने मिशनसाठी काय काय करायचं ते सांगितलं. मग आवारातल्या थंड पाण्याच्या खोल टाक्यात आंघोळीला गेला. बराच वेळ झाला, हाक ऐकू येईना, तेव्हा नोकराने आत पाहिलं. वय बेचाळीस. अमेलिया कलकत्त्यात होती. सेंट जॉन चर्चमध्ये त्याला पुरलं. त्रिचीत आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे. पवित्र देवाची स्तुती गाणारं त्याचं दुसरं गीत जगभरच्या चर्चमध्ये अजून म्हटलं जातं, मराठी उपासनेतही. ते त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

अमेलियाने १८२८ साली रोजनिशी प्रसिद्ध केली आणि तिला काही पत्रंही जोडली. त्यातलं एक मार्च १८२६ मध्ये कर्नाटकातून, म्हणजे मद्रास इलाख्यातल्या प्रवासातून, विल्यम्स-विनला लिहिलेलं आहे. ज्याने बिशप केलं त्यालाच, तोही सरकारात बसलेला. हेबर लिहितो: सरकार जमिनीच्या एकूण उत्पन्नाचा निम्मा हिस्सा मागतं. या दराने देशी काय, युरोपी काय, कोणताच शेतकरी तगणार नाही. कंपनीच्या मुलखातली रयत देशी संस्थानांतल्या रयतेपेक्षा गरीब आणि खचलेली आहे. आपण मागतो तेवढा सारा एकही देशी राजा मागत नाही. खाजगीत विचारलं तर बहुतेक अधिकारी हे कबूल करतात, कलेक्टर मात्र सरकारी कागदावर तसं लिहीत नाहीत.

त्याच रयतेच्या साऱ्यातून बिशपला वर्षाला पाच हजार पौंड मिळत होते. सनदेतच तशी तरतूद होती. पत्रात तो याबद्दल काही म्हणत नाही. पण शेतकऱ्याचा निम्मा घास कोण नेतं हे मात्र त्याने वरच्याच्या तोंडावर लिहिलं. पंचाहत्तर वर्षांनी रमेशचंद्र दत्त हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहायला बसले, तेव्हा इंग्रजी राज्याने रयतेला कसं पिळलं हे सिद्ध करायला त्यांनी जे इंग्रज साक्षीदार उभे केले, त्यांत हे पत्र होतं.